पाय, तक्ता नववा

उथळसरला भानुशालीच्या गिरणीवर माडी आहे.
मंगळवार-शुक्रवार, ड्यूटी सुटली की
तिथे मी पाय काढायला जातो.
घरी सांगितलं तेव्हा शेवंती म्हणाली,
"या वयात काढता पाय? आणि जाणार कुठे?"

शिकवणारा मुदस्सर खोत, कौशाचा,
माझ्या धाकट्याच्या वयाचा.
पहिल्या दिवशी त्याने झेरॉक्स हातात दिली:
परदेशातला जुना तक्ता, नववा.
डावीकडे नुसत्या सरळ रेघा, उजवीकडे पुरा पाय,
घोट्याच्या वर कापलेला,
पांढरा, प्लास्टरचा.

मला हसूच आलं.
एकतीस वर्षं सिव्हिलच्या प्लास्टर-रूममध्ये आहे मी.
बादलीत पट्टी बुडवायची, बुडबुडे थांबले की पिळायची,
कापसावरून गुंडाळत न्यायची, तळहाताने,
बोट नाही टेकवायचं, बोटाचा खड्डा आत रुततो.
बाळकुमपासून मुरबाडपर्यंतचे किती पाय झाकले
हिशेब नाही.
एकही बघितला नव्हता.

"गोलाई आत्ता नको," मुदस्सर म्हणतो,
"आधी सगळं सरळ रेघांत बसवा.
कोपरे मोडायचं नंतर बघू."
ट्रॅक्शनच्या दोरीला नट बांधून मी ओळंबा केलाय.
एक डोळा मिटायचा, दोरी तक्त्यापुढे धरायची:
घोट्याच्या टेंगळाच्या बरोबर खाली काय येतं?
टाच किती मागे?
मग चार पावलं मागे जायचं. मग पुढे. मग खोडायचं.
खाली जातं फिरू लागलं की फळा थरथरतो,
पायावर ज्वारीचं पीठ बसतं,
फुंकर मारून उडवतो.

तिसऱ्या आठवड्यात तो म्हणाला,
"काका, हा अंगठा तुमच्या डोक्यातला.
तक्त्यात अंगठा कुठाय?
तिथे एक काळी पाचर आहे आणि तिला लागून उजेड.
पाचर काढा."
काढली.
अंगठा आला, आणि तो माझ्या ओळखीचा नव्हता.

टाचेखाली एक ठिपका होता.
तोही काढला, ओळंबा धरून, दोन संध्याकाळी घालून.
मुदस्सर इतका हसला की भानुशाली जिन्यात आला बघायला.
"काका, हा जांभळी नाक्याच्या मशीनच्या काचेवरचा डाग!"

कुणा माणसाचा पाय असेल,
त्याचा दगड झाला, दगडाचं प्लास्टर,
प्लास्टरचं चित्र, चित्राचा छाप,
छापाची झेरॉक्स, आणि खाली मी.
एवढ्या हातांतून पाय आला,
तर नाक्यावरच्या पोराचीही खूण राहू दे म्हटलं.
नाही खोडला.

काल घोडबंदरची एक मुलगी आली.
स्कूटरवरून पडलेली, सहा आठवडे पुरे.
करवत फिरवली, फाकवलं, कापूस उचलला.
सालपटं सुटलेला, पिवळट, पोटरीत वाळलेला पाय,
कोंदट वासाचा.
खिडकीतून तीनचा उजेड आडवा पडला होता.
घोट्याखाली पाचर. तिला लागून
मी कात्री धरून तसाच.
"काय झालं काका? वाकडा जुळलाय का?"
"नाही गं," म्हटलं, "तुझा बरोबर आहे.
माझा जवभर बाहेर गेलाय."
ती माझ्याकडे बघत राहिली,
मग ओढणी ओढून पाय झाकला तिने.
जन्म झाकण्यात गेला माझा,
तरी तोंडात आलं होतं, थांब जरा.

रात्री घरी फळा उघडून घोटा खोडला.
सात आठवड्यांचा घोटा.
कागदाला तिथे लव आलीय,
करंगळी तर अजून सुरूच नाही.

शेवंती झोपलेली. चादरीबाहेर तिचं एक पाऊल,
भेगांत राख राहिल्यासारखं काळं,
जोडवं थोडं तिरकं.
मी दोरी काढली, नट स्थिर होऊ दिला,
एक डोळा मिटला.

"लाइट बंद करा," ती म्हणाली,
पाऊल न हलवता.